ठिकाणं नकोत, मुक्काम हवेत

आपल्याकडे सहल ठरवायची म्हणजे आधी ठिकाणांची यादी होते. मग ती यादी चार दिवसांत कोंबायची खटपट सुरू. गाडी पहाटे पाचला, चहा वाटेत, दर्शन, फोटो, पुढचं गाव, रात्री अकराला लॉज... घरी आल्यावर "काय काय पाहिलं?" याचं उत्तर पाठ असतं. "कसं वाटलं?" असं कुणी विचारलं, तर मात्र "छान वाटलं"च्या पुढे गाडी सरकत नाही.

माझं म्हणणं असं, की सहल ठिकाणांनी नाही, मुक्कामांनी आखावी. रात्र कुठे काढायची ते आधी ठरवायचं, दिवस आपोआप ठरतो.

हे आत्ताच लिहायचं कारण घरचंच आहे. फीनिक्सचा माझा चुलतभाऊ डिसेंबरात सहकुटुंब तीर्थपुरीला येतोय. त्याची दोन्ही मुलं तिकडच्या वाळवंटात वाढली आहेत. तंबू, स्लीपिंग बॅग, शेगडी गाडीत टाकून ते दरवर्षी ग्रँड कॅन्यनला, यूटाहच्या लाल खडकांत आठवडा आठवडा फिरतात. पण इकडे यायचं म्हटलं की त्याच दादाची यादी येते: वेरूळ, अजिंठा, देवगिरी, पैठण, लोणार, शिर्डी आणि "जमलं तर महाबळेश्वर". दिवस पाच! म्हणजे तिकडच्या कोरड्या मुलखासाठी सवड आहे आणि इकडचा कोरडा मुलूख फक्त उरकायचाय. (दादा, रागावू नकोस. तू हे वाचणार आहेस म्हणूनच लिहितोय.)

आपल्या या भागाची ओळख वर्तमानपत्रांनी एकाच शब्दात करून ठेवली आहे: दुष्काळ. ती खोटी नाही. 1972 काकूने पाहिला. 2012-13 मध्ये जालन्याच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. पण ज्या मुलखात पाणी कमी असतं तिथे आकाश मोठं असतं आणि जमीन आपला आकार लपवत नाही, हे ॲरिझोनात राहणाऱ्याला मी काय सांगावं? काळी माती, मधूनच उघडा पडलेला काळा दगड, तुरीच्या शेंगा, टच्च भरत आलेली ज्वारी आणि संध्याकाळी सगळ्यावर उतरणारा तो तांबूस उजेड. हे ताशी शंभरने दिसत नाही.

समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला, जून 2025 मध्ये पुरा झाला. 701 किलोमीटरचा सरळसोट रस्ता. ज्याला पोचायचंय त्याच्यासाठी उत्तमच. पण त्यामुळे लोणार हे आता "वाटेत दोन तास वाकडं जाऊन" बघायचं ठिकाण झालंय. आपल्याला पोचायची घाई नाही, तेव्हा आपण तो रस्ता सोडून देऊ.

तर माझी योजना. सहा रात्री, घरून निघून घरी परत. सगळी मिळून तीनशे किलोमीटरच्या आतच.

पहिली रात्र कुठेच जायचं नाही. आपल्याच शेतातल्या आखाड्यावर. आगटी पेटवायची, हुरडा भाजायचा, जमिनीवर झोपायचं. दुसऱ्या दिवशी जांब समर्थ. तिथे 1608 साली रामदासस्वामींचा जन्म झाला. परंपरा सांगते की बाराव्या वर्षी घर सोडलेला तो मुलगा टाकळीला बारा वर्षं राहिला आणि पुढची बारा वर्षं देशभर पायी फिरला. बारा वर्षं! आणि आपण पाच दिवसांत सात ठिकाणं करतोय. जांबच्या शिवारात नात्यातल्या एकांचा मळा आहे, तिथे दुसरी रात्र.

मग परतूर, मंठा करत लोणार. तिथे दोन रात्री, कमी नाही. दादाने मुलांना ॲरिझोनातलं उल्काविवर दाखवलंय, साधारण 1.2 किलोमीटर रुंद. आपलं लोणार 1.8 किलोमीटर आहे, बेसॉल्टच्या खडकात आहे, आणि त्यात खारं, अल्कधर्मी पाणी भरलेलं आहे. काठावर गोमुखाची गोड्या पाण्याची धार आहे, गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा साऱ्या जगाने फोटो पाहिले. त्याच वर्षी तळ्याला रामसर दर्जा मिळाला. पण फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे सकाळ ते संध्याकाळ बदलत जाणारा पाण्याचा रंग. त्यासाठी एक अख्खा दिवस काठावर बसावं लागतं. अभयारण्याच्या हद्दीत तंबू टाकायचा नाही, म्हणून तिथे गावात भिंतींच्या आत झोपू.

पाचवी रात्र सिंदखेडराजा. जिजाऊंचं जन्मगाव, लखुजी जाधवांची समाधी. सहावी अंबडला. मत्स्योदरीचा डोंगर आणि अहिल्याबाईंच्या काळातली बारव. तिच्या पायऱ्यांवर मुलांना बसवायचं आणि विचारायचं, पाणी कमी असलेल्या मुलखातली माणसं पाण्यापर्यंत कशी पोचायची? सातव्या दिवशी दुपारी घरी जेवायला.

आता आक्षेप. फोनवर तीन जणांनी सांगून झालंय, "तंबूबिंबू आपल्याकडे नसतं." असं कसं? पैठणहून नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूर गाठते. रोज चाल, रोज मुक्काम, राहुट्या. अठरा-एकोणीस दिवसांचा हा कार्यक्रम आपण शेकडो वर्षं करतोय. उघड्यावर झोपणं आपल्याला कुणी तिकडून शिकवलेलं नाही.

पण दुसरी एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या भागातून जातो, कारखाने आहेत, ऊस आहे. फडाच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडलेल्या असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, बरोबर लेकरं, कधी म्हातारी आई. पहाटे थंडीत उठून फडात. बीडची, जालन्याची अशी कितीतरी कुटुंबं वर्षातले पाच-सहा महिने असंच राहतात. कर्नाटकापर्यंत जातात. त्यांच्या शेजारी आपण हौसेचा निळा-पिवळा तंबू ठोकणार आणि मुलं त्याला "ॲडव्हेंचर" म्हणणार.

म्हणून जाऊच नये का? मला तसं वाटत नाही. न जाणं म्हणजे न बघणं, एवढंच होतं. पण रीत पाळावी. कोप्यांचा फोटो काढायचा नाही. ज्या हापशावर त्यांचं पाणी आहे तो अडवायचा नाही. रात्री मोठ्याने गाणी लावायची नाहीत, त्यांना पहाटे उठायचं असतं. आणि मुलांनी विचारलं "हे लोक इथे का राहतात?" तर गप्प न बसता खरं उत्तर द्यायचं. अजिंठ्याच्या रंगांइतकंच हेही त्यांनी पाहायला हवं, आपल्याच गावचं आहे.

तिकडे सरकारी मोकळ्या जमिनीवर पुष्कळ ठिकाणी कुणालाही न विचारता चौदा दिवसांपर्यंत राहता येतं. आपल्याकडे प्रत्येक बांधाला मालक आहे. विचारावं लागतं. दादाला ही अडचण वाटते, मला हीच गंमत वाटते. "रातभर थांबू का?" म्हटलं की आधी कुठले, कुणाचे, हे विचारणं होतं, मग चहा होतो, मग "तंबू कशाला, ओसरीत या की" होतं. एकांत मिळणार नाही, हे आधीच सांगतो. माणसं मिळतील.

थोडं व्यवहाराचं. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. दोन-दोन ट्रॉल्या ऊस लादलेले, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. गोदावरीच्या पात्रात तंबू नको. 2025 च्या सप्टेंबरात जायकवाडीचे दरवाजे उघडले तेव्हा पाणी गावांत शिरलं होतं. डिसेंबरात पूर येत नाही हे मलाही कळतं, पण नदीच्या जागेत झोपू नये ही सवय मुलांना लागलेली बरी. पाण्याचे दोन कॅन, रात्रीला विजेरी, घोंगड्या. कचरा परत घरी.

आणि काकू? काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पण तिला यायचंय. जांबला आणि लोणारला ती लग्नानंतरच्या वर्षी बैलगाडीने गेली होती, वाटेत तीन मुक्काम झाले होते. त्या तीन मुक्कामांच्या गोष्टी तिला अजून सांगता येतात. तिच्यासाठी खाट गाडीच्या टपावर बांधू.

दादा यंदा येतोय त्यात शेताचा विषयही आहे, हे नातेवाईकांना ठाऊक आहेच. विकायचं की ठेवायचं, हे त्याने आणि काकूने ठरवावं. माझं मत मी इथे लिहिणार नाही. माझा आग्रह फक्त क्रमाचा आहे. आधी एक रात्र त्या जमिनीवर झोपायचं, सकाळी दव पडलेल्या बांधावरून मुलांना चालवायचं, आणि मग कागद काढायचे.

असो. यादीतली तीन-चार ठिकाणं राहतील, राहू देत. वेरूळ आणखी कुठे जात नाही. ज्यांना यायचंय त्यांनी लवकर कळवा, गाडीत दोन जागा आहेत. पांघरूण मात्र आपापलं आणा.