पेटीतला आवाज गेला कुठे?



तुमच्यापैकी जी मुलं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची असतील, त्यांना भाऊबीजेनंतरची मंडई सांगायला नको. दिवसा खेळणी, खाऊ आणि दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक! समजा, नाटक ऐन रंगात आलं आणि भोंगा मुका झाला. मग माइकवाला काय करतो? नवा भोंगा आणायला धावतो का? छे! तो वायर धरून निघतो. माइक चालू आहे? आहे. वायर जोडलेली आहे? आहे. ॲम्प्लिफायरचा दिवा लागलाय? नाही! सापडला चोर!

याची आठवण झाली ती भंडाऱ्याला, बहिणीच्या घरी. मंडईसाठी गेलो, तर नववीतली भाची तोंड पाडून बसलेली. घरात एक जुना संगणक आहे. तिच्या दादाने त्यावर लिनक्स बसवलं आणि त्या दिवसापासून संगणकाचा आवाजच बंद. दुकानात दाखवलं, तर ‘मदरबोर्ड बदला’ असं उत्तर मिळालं. बाबा म्हणाले, “एवढा खर्च कोण करेल? भंगारात देऊन टाकू.” दादाला बोलणी बसली. आणि भाचीने आजीची जात्यावरची गाणी मोठ्या हौसेने त्यात साठवली होती, ती तशीच मुकी पडून होती.

“मामा, लिनक्समुळेच साउंड कार्ड गेलं ना?” तिने विचारलं.

“गेलं की दिसत नाही, ते आधी पाहू,” मी म्हटलं. “चल, माइकवाल्यासारखी वायर धरून निघ.”

पहिली पायरी, बाहेरची. स्पीकरला वीज आहे का? त्याची पिन मागच्या हिरव्या भोकात आहे का? हसू नका, बरं का! निम्मे चोर इथेच सापडतात. आमचा नाही सापडला.

दुसरी पायरी, सेटिंगमधली. आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘आउटपुट’ची यादी असते. तिथे एचडीएमआय निवडलेलं असेल, तर आवाज मॉनिटरकडे जातो. मॉनिटरला स्पीकर नसेल, तर ऐकणार काय? पण आमच्या यादीत एकच नाव होतं : ‘डमी आउटपुट’. डमी म्हणजे नुसतं बुजगावणं. खरं कार्ड सापडलं नाही, म्हणून लिनक्सने त्या जागी ते उभं केलं होतं.

तिसरी पायरी, लिनक्सलाच विचारायची. टर्मिनलची खिडकी उघडा. ‘ए-प्ले’ हा शब्द सलग लिहा, मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून छोटा एल. लिनक्सला ओळखता आलेल्या साउंड कार्डांची यादी येते. आमच्याकडे आलं, ‘एकही साउंड कार्ड सापडलं नाही.’

ही ओळख पटवण्याचं काम ‘अल्सा’ नावाची यंत्रणा करते. यारोस्लाव्ह किसेला यांनी एका साउंड कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला. त्यातूनच 1998 साली अल्साचं काम सुरू झालं. पुढे ती लिनक्सच्या गाभ्यातच दाखल झाली.

चौथी पायरी, पेटीतल्या तुकड्यांची हजेरी. आता एल, एस, पी, सी, आय ही पाच छोटी अक्षरं सलग टंका. मदरबोर्डला जोडलेल्या भागांची यादी येते. तिच्यात ‘ऑडिओ’ असा शब्द शोधा.

या दोन याद्यांतला फरक नीट समजून घ्या. दुसऱ्या यादीत ऑडिओ आहे, पण पहिलीत कार्ड नाही, तर पाहुणा दारात आलाय, पण घरच्यांनी ओळखलेला नाही. म्हणजे ड्रायव्हर किंवा फर्मवेअर कमी आहे. काही नव्या लॅपटॉपना त्यासाठी ‘सॉफ’ नावाचं फर्मवेअर वेगळं बसवावं लागतं. दोन्ही याद्यांत नाव आहे, तर ‘अल्सामिक्सर’ उघडा. पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं, तर आवाज दाबलेला आहे. बाणाने त्या पट्टीवर जा आणि एम दाबा, झालं!

आमच्या दोन्ही याद्यांत ऑडिओचं नावच नव्हतं! म्हणजे पाहुणा दारापर्यंतही आला नव्हता. मग दोष लिनक्सचा कसा?

“दादा, लिनक्स बसवताना तू आधी काय केलंस?” भाचीने अगदी पोलिसी थाटात विचारलं.

“पेन ड्राइव्हवरून सुरू व्हावं म्हणून बायोसमध्ये गेलो होतो.” आणि तो एकदम थांबला.

संगणक पुन्हा सुरू केला, डिलीट दाबून बायोस उघडलं. एका कोपऱ्यात ‘ऑडिओ’पुढे लिहिलेलं होतं : ‘डिसेबल्ड’. म्हणजे बंद! गडबडीत दादाचं बोट तिथे पडलं होतं. ते ‘एनेबल्ड’ केलं, बदल जतन केला. खर्च? शून्य रुपये!

थोड्या वेळाने खोलीत जात्यावरचं गाणं घुमू लागलं. आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. “हा माझाच आवाज का गं?” म्हणाली आणि पदर सावरून खुर्चीत बसली. बाबांनी भंगाराचा विषय पुन्हा काढला नाही.

दोस्तांनो, 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केलं. आपल्या देशातही सी-डॅकने त्यावर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली तयार केली आहे. लिनक्समध्ये जवळजवळ प्रत्येक पायरीवर डोकावता येतं. ‘काय बिघडलंय?’ असं विचारलं, तर ते उत्तर देतं. आपण मात्र न विचारताच आरोप करतो.

म्हणून तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा. एका वेळी एकच बदल करा. बदलण्यापूर्वी जुनी सेटिंग लिहून ठेवा. आणि अर्थ कळत नसेल, ती आज्ञा टंकू नका. याद्या पाहणं निर्धोक असतं, बायोसमध्ये मात्र मोठं माणूस शेजारी असू द्या.

आणि पालकहो, यंत्र बिघडलं की ‘तूच काहीतरी केलं असशील’ असं म्हणण्याआधी ‘चल, मिळून शोधू’ म्हणून पाहा. आमच्या दादाने बोट चुकवलं होतं, हे खरं. पण त्याने आठवून सांगितलं, म्हणूनच चोर सापडला. बोलणी खाऊन गप्प बसला असता, तर आजीचा आवाज भंगारात गेला असता.

बरं, तुमच्या घरातलं काय मुकं पडलंय? वायर धरून निघा पाहू!