सून घरात आली, रेशन कार्डावर कधी येणार?

मित्रांनो, पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांच्या घरात गेल्या दोन-तीन वर्षांत लग्न झालंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचाच.

सातारा आणि सांगली जिल्ह्याच्या शिवेवर आमचं गाव. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी माझं लग्न झालं. इतका उशीर का, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही. शेवटी कर्नाटकातलं स्थळ आलं आणि जमलं. आमच्याच गावात अशा कन्नड मुलखातल्या सुना आता बऱ्याच आहेत. जत, मिरज, कवठेमहांकाळकडे तर ही सोयरीक पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

लग्नाला तीन महिने झाले असतील. पावसाळ्याचे दिवस. रानातून येताना चिखलात गाडी घसरली. मला खरचटण्यावर भागलं, बायकोचं मांडीचं हाड मोडलं. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात नेलं. तिथं जनआरोग्य योजनेचा बोर्ड बघून जीव भांड्यात पडला. म्हटलं, केशरी कार्ड आहे, चिंता नाही.

आरोग्यमित्राने कार्ड उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "दादा, ऑपरेशन योजनेत बसतंय, पण वहिनींचं नाव कुठाय यात?"

नाव नव्हतंच. माझं होतं, आई-वडिलांचं होतं, लग्न होऊन गेलेल्या बहिणीचंसुद्धा अजून होतं. जिच्यासाठी कार्ड काढून दाखवत होतो, तिचंच नव्हतं. एक लाख तीस हजार खर्च आला. पतसंस्थेचं कर्ज काढलं, हप्ते अजून चालू आहेत. दवाखान्यात एकदा तिनं मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "अहो, मग मी कुठल्या कार्डावर आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

आधी माझी चूक कबूल करतो. हळदीच्या डीजेला साठ हजार मोजले. तहसीलला एक चक्कर मारायला मात्र तीन महिन्यांत वेळ मिळाला नाही. तेव्हा सगळा दोष सरकारवर ढकलणार नाही.

पण नंतर नाव चढवायला गेलो, तेव्हा कळलं की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गेलो असतो तरी तीन महिन्यांत काम झालं नसतं. आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी करायचं. तसा दाखला आणायचा. तो मिळाला कन्नडमध्ये. इथं म्हणाले, हे वाचणार कोण? मग भाषांतर. आधारवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं. मग आधार दुरुस्ती. प्रत्येक चकरेला एक दिवसाची मजुरी बुडाली. सगळं मिळून सात महिने गेले.

या सात महिन्यांत ती तिकडचीही नव्हती आणि इकडचीही नव्हती. माझा मुद्दा एवढाच आहे.

योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. आधी वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, आता कुटुंबाला पाच लाखांचं आहे. पांढरं कार्डही चालतं. आपल्यासारख्यांना हा मोठा आधार आहे. पण योजना कुटुंबाची, आणि कुटुंब कोण हे ठरवणार रेशन कार्ड. लग्न एका दिवसात होतं. कार्डाला त्याची खबर लागायला वर्ष जातं.

आता तीन गोष्टी बघा.

एक. नवजात बाळाचं नाव कार्डावर नसतं, तरी जन्माचा दाखला आणि आई-बापाचं कार्ड दाखवून त्याच्यावर उपचार होतात. चांगलीच सोय आहे. मग लग्नाचा दाखला आणि नवऱ्याचं कार्ड दाखवून सुनेवर का होऊ नयेत?

दोन. 'एक देश, एक रेशन कार्ड'मुळे कर्नाटकातल्या कार्डावरचं धान्य सांगलीत उचलता येतं. म्हणजे दोन्ही राज्यांची यंत्रणा आधारवरून माणूस ओळखते. तांदूळ-गव्हाला जमतं, मग नाव इकडून तिकडे करायला कागद घेऊन माणसालाच का फिरावं लागतं?

तीन. २०२३ मध्ये आपल्या सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना ही योजना लागू केली. ती गावं कर्नाटकात आहेत. तिथल्या सरकारने विरोध केला, तरी आपण मागे हटलो नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण सीमेपलीकडच्या माणसाला आपलं म्हणायला निघालेलं राज्य, सीमा ओलांडून आपल्याच घरात आलेल्या मुलीला "नाव कमी केल्याचा दाखला आण, मग बघू" म्हणतं, हे पटत नाही.

कुणी म्हणेल, असं मोकळं सोडलं तर खोटी लग्नं दाखवून लोक फुकट उपचार घेतील. शंका रास्त आहे. म्हणूनच मागणी नोंदणी झालेल्या लग्नापुरतीच आहे. दाखला सरकारचाच. सवलत सहा महिन्यांची ठेवा, तोवर कार्डात नाव आलं नाही तर बंद करा. आणि खेड्यात लग्नाची नोंद ग्रामसेवकच करतात. तीच नोंद पुरवठा शाखेकडे आपोआप गेली, तर निम्म्या चकरा वाचतील.

हा प्रश्न फक्त कर्नाटकातून आलेल्या सुनांचाही नाही. आपल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. लग्न करून त्यांच्याबरोबर गेलेल्या आपल्या लेकी-बहिणी परराज्यात याच पेचात असणार. आज आपण दुसऱ्याच्या लेकीसाठी बोललो, तर उद्या आपल्या लेकीसाठी कुणी बोलेल.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर आपण काय करायचं, ते माझ्या ठेचेवरून सांगतो.

लग्नाची नोंदणी लगेच करा. माहेरच्या कार्डातून नाव कमी करायचा अर्ज मुलगी सासरी यायच्या आधीच द्या.

तिचं माहेरी आयुष्मान कार्ड निघालेलं असेल तर जपून ठेवा. केंद्राच्या यादीतल्या कुटुंबाचं कार्ड देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत चालतं. शंका असेल तर १४५५५ ला फोन करा.

सातारा किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला असाल आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल, तर तुमचा ईएसआयचा हप्ता कापला जातो. त्यात बायकोवरही उपचार होतात, पण तिचं नाव नोंदवावं लागतं. उद्याच जाऊन विचारा.

खासगी विमा परवडत असेल तर आधीपासून पॉलिसी आहे का बघा आणि त्यातच बायकोचं नाव घाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय. पण नव्या पॉलिसीत अपघात सोडला तर पहिले तीस दिवस सहसा काही मिळत नाही. बाळंतपणाची अट तर कंपनीगणिक वेगळी, काही ठिकाणी दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, अट कागदावर बघा.

आणि बाळंतपणासाठी घाबरू नका. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, सिझेरियनसुद्धा. त्यासाठी माहेर कुठलं हे कुणी विचारत नाही.

कर्नाटकातले पेशंट उपचारासाठी मिरजेला येतात, ही शंभर वर्षांहून जुनी रीत आहे. त्या मिरजेच्या पंचक्रोशीत कर्नाटकातून आलेल्या आपल्याच सुनेला कागदासाठी अडवावं, हे आपल्याला शोभत नाही.

आमची मंडळी आता चालती-फिरती आहे. कार्डावर नावही आलंय. आल्यावर तिनं ते दोनदा वाचून बघितलं.

तुमच्या घरात असं झालं असेल तर कमेंटमध्ये लिहा. किती महिने गेले, तेवढं नक्की लिहा. सगळं एकत्र करून दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांकडे निवेदन द्यायचा विचार आहे. आणि आज घरातलं रेशन कार्ड काढून बघा. सगळ्यांची नावं आहेत का?