फटफटी हलकी करा, पण पडण्याआधी



मागच्या हिवाळ्यात इथे रुवैसमध्ये एका दुकानासमोर माझी बुलेट कलंडली. वेग शून्य होता. मी गाडी थांबवली, डावा पाय टेकवला, डांबरावर बारीक वाळू पसरलेली होती. पाय सरकला आणि सुमारे 190 किलोचे लोखंड सावकाश माझ्या अंगावर झुकू लागले. वीस वर्षांपूर्वी मांडीच्या जोराने सावरले असते. या वेळी जमले नाही. घोटा मुरगळला. दोन पठाण ड्रायव्हर धावत आले, त्यांनी गाडी उचलली, मला पायरीवर बसवले. एकजण म्हणाला, "चाचा, अब छोटी गाडी ले लो." मला त्याचा रागच आला. रात्री सुजलेल्या पायावर बर्फ धरून बसलो तेव्हा पटले की तो बरोबर बोलला.

आरोग्याच्या पानावर फटफटी कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण आपल्यातले कितीतरी ज्येष्ठ ठाण्यात, अलिबाग-रेवदंड्याकडे अजून दुचाकीवर फिरतात. आणि बहुतेकांना भीती असते ती वेगाची. वेग तर वयाबरोबर आपण आपोआप कमी करतो. वजन मात्र तेच राहते. गाडी मागे ढकलताना, वळवताना, डबल स्टँडवर चढवताना, उतारावर थांबताना आपण पडतो ते वजनामुळे.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू तीन ते आठ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर ही घट वाढते. त्यातही मांडी आणि कंबर, म्हणजे जिच्यावर उभी गाडी तोलायची तीच ताकद. मान पूर्वीइतकी मागे वळत नाही. मधुमेह जुना असेल तर तळपायाची जाणीव कमी होते, आणि पाय वाळूवर आहे की डांबरावर हे उशिरा कळते. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर डोक्याला बसलेला साधा मारही डॉक्टरांना दाखवावा लागतो. तरुणपणी पडलो तर खरचटायचे. आता खुबा मोडतो, आणि खुबा मोडलेला माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालेलच असे नाही.

घरी एक परीक्षा करून पाहा. हात छातीवर बांधून खुर्चीवरून उठा, बसा, तीस सेकंद. साठ ते चौसष्टच्या पुरुषाला चौदा वेळा, बाईला बारा वेळा तरी जमायला हवे. माझे अकरा झाले. घोट्याने आधी सांगितलेच होते, खुर्चीने आकडा दिला.

ठाण्याहून मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी बंदच करा." बायकोने फोनवर त्याचीच री ओढली. त्यांची काळजी मला समजते, पण हा सल्ला मला मान्य नाही. ज्याला चक्कर येते, फिट येते, किंवा मोतीबिंदूमुळे समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, त्याने गाडी ठेवूनच द्यावी, त्यात वाद नाही. बाकीच्यांनी मात्र एकदम सोडली की बाजार सुटतो, मित्राकडे जाणे सुटते, माणूस खोलीत बसतो, आणि बसल्याने मांड्या आणखी बारीक होतात. रुवैस ही रिफायनरीची वसाहत. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा चालत कुठे जाणार? जड गाडी आणि खाट यांच्यामध्ये हलकी गाडी आहे, हे घरच्यांना सांगावे लागते.

म्हणून मी जुनी होंडा युनिकॉर्न घेतली, 140 किलोच्या आसपासची. सीटची उंची जवळपास बुलेटइतकीच, पण पन्नास किलो कमी म्हणजे सिमेंटचे एक पोते खाली ठेवले. नवी घेतली नाही, कारण किती वर्षे चालवणार हे कोणाला ठाऊक. परवाना माझ्याकडे होता. इथे मोटारसायकलचा परवाना मोटारीहून वेगळा काढावा लागतो.

जुनी घेताना फसू नका. इथल्या बऱ्याच युनिकॉर्न जेवण पोचवणाऱ्या मुलांनी दिवसरात्र पळवलेल्या असतात. मागे पेटी बसवल्याची भोके दिसली तर मी परत फिरतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच वर्षांहून जुने टायर उन्हाने कडक झालेले असतात, मग नक्षी कितीही चांगली दिसो. इंजिन तुम्ही पोचेपर्यंत थंड असले पाहिजे. आधीच गरम करून ठेवले असेल तर कारण विचारा. पुढच्या शॉकअपवर तेल दिसते का पाहा. आणि पैसे देण्याआधी गाडी स्वतः डबल स्टँडवर चढवून पाहा. विकणाऱ्याला "राहू दे, मी करतो" म्हणा. भारतात घेणार असाल तर एबीएस असलेली शोधा. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचे झाले आहे.

गच्चीला कठडा बांधण्याची आज्ञा आपल्या तोरात आहे. रंबाम स्वतः वैद्य होते, त्यांनी ती जिवाला धोका होईल अशा प्रत्येक गोष्टीला लावली. मला ती जड गाडीलाही लागू वाटते. उन्हाचा कठडाही मी घातला आहे. 15 जून ते 15 सप्टेंबर इथे दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी असते. मी त्याच वेळात हेल्मेट खुंटीला टांगून ठेवतो. रक्तदाबाची गोळी, घाम आणि हेल्मेट एकत्र आले की डोके गरगरते. शब्बाथला गाडीला सुट्टी असतेच. आमच्या तेली पूर्वजांचा घाणाही त्या दिवशी बंद असायचा.

हलक्या गाडीने काहीच गमावले नाही असे म्हणणार नाही. रंबामांच्याच नावाचे, मोझेस बेन मैमोन सिनेगॉग 2023 मध्ये अबुधाबीच्या सादियात बेटावर उघडले. इथून ते अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. बुलेटवर मी सणाच्या आदल्या दिवशी निघायचो. पण ई-11 महामार्गावर ट्रक बाजूने गेला की हलकी गाडी हेलकावते, ते माझ्या वयाला झेपणारे नाही. आता बसने जातो. बसमध्ये झोप चांगली लागते, एवढेच म्हणेन.

बुलेट मी आमच्याच कामावरच्या कोल्हापूरच्या एका पोराला दिली. मुल्किया त्याच्या नावावर झाली त्या दिवशी मी जेवलो नाही. परवा संध्याकाळी तो खाली येऊन हॉर्न वाजवू लागला. "काका, चक्कर मारूया का?" मी हेल्मेट घेतले आणि मागे बसलो.