संध्याकाळचा तो एक प्रश्न

तीन महिन्यांपूर्वी भिवंडीतील ७३ वर्षांचे एक गृहस्थ तपासणीसाठी आले होते. (त्यांच्या अनुमतीने आणि ओळखीच्या खुणा बदलून हे लिहीत आहे.) अनेक वर्षे औषधांनी आटोक्यात असलेला त्यांचा रक्तदाब काही महिन्यांपासून १६०च्या खाली उतरत नव्हता. गोळ्या वेळेवर घेतल्या जात होत्या, आहारात मीठ बेताचे होते, पहाटेचे फिरणेही चुकत नव्हते. झोपेविषयी विचारले तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘रात्री दोनपर्यंत नातवाच्या खोलीत दिवा जळत असतो. तो जागा, म्हणून मीही जागा.’’

नातू २७ वर्षांचा, संगणक अभियंता. भिवंडीहून ठाणे आणि तेथून ऐरोलीची लोकल असा रोजचा प्रवास करून तो एका कंपनीत सॉफ्टवेअर तयार करण्याचे काम करीत असे. कंपनीने मनुष्यबळ कमी केले, त्यात त्याची नोकरी गेली. त्याला तेव्हा सात महिने होऊन गेले होते. आजोबांची तक्रार अशी, की मुलगा दिवसभर घरातच बसतो. ‘‘घरात बसून कुणाला काम मिळालंय, डॉक्टर? आम्ही पहाटे गिरणीच्या गेटवर उभे राहायचो.’’

हे वाक्य मला महत्त्वाचे वाटले. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात तेच असते, म्हणून त्याचा थोडा विचार करू.

आजोबा तरुणपणी मुंबईच्या गिरणगावात बदली कामगार होते. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी बदलीला काम मिळे. पाळी सुरू होण्यापूर्वी गेटवर हजर राहायचे आणि आज काम आहे की नाही ते ऐकायचे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतील असंख्य जणांना गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडलाच नाही. आजोबा भिवंडीला आले, यंत्रमागावर उभे राहिले आणि त्या कमाईवर त्यांनी मुलांना शिकवले. बेकारी म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. नातवाची बेकारी मात्र त्यांना ओळखू येत नव्हती, कारण तिचे रूप वेगळे आहे.

मी त्यांना ते रूप समजावून सांगितले. आज सॉफ्टवेअरमधील नोकरीसाठी अर्ज संगणकावरूनच करावा लागतो. एका जागेसाठी शेकडो, कधी हजारो अर्ज येतात आणि पहिली चाळणी बऱ्याच वेळा माणूस नव्हे, संगणकच लावतो. त्यातून निभावले तर घड्याळ लावून सोडवायची परीक्षा. मग काही कंपन्या दोन-तीन दिवस पुरेल एवढे काम घरी करायला देतात, त्याचा मोबदला सहसा नसतो. त्यानंतर मुलाखतींच्या तीन-चार फेऱ्या. इतके होऊनही शेवटी पुष्कळदा काहीच कळवले जात नाही. निवड झाली नाही, असे पत्रही येत नाही. महिने उलटतात, तसा पुढच्या मुलाखतीत नवा प्रश्न येतो : ‘‘मधला एवढा काळ काय करीत होता?’’

यात मुलाची कुवत कमी पडते असे समजण्याचे कारण नाही. भारतातील माहिती-तंत्रज्ञान उद्योगात ५० लाखांहून अधिक लोक काम करतात, पण त्या क्षेत्रातही आता जुनी शाश्वती उरलेली नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या मातब्बर कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे जवळपास दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. अशा वेळी दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेली माणसेही त्याच रांगेत येऊन उभी राहतात. शिवाय नवख्या मुलांकडे सोपवली जाणारी प्राथमिक कामे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून करून घेण्याकडे कल वाढतो आहे.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे याला कुणी ‘नाही’सुद्धा म्हणत नाही? आम्हाला गेटवर निदान सकाळीच कळायचं. नाही म्हटलं की चार बदली मिळून चहा प्यायचो आणि घरी जायचो.’’

नातवाच्या दुखण्याचे निदान त्यांनी माझ्यापेक्षा नेमके केले होते. नकार बोचतो, पण त्याने एक गोष्ट संपते. उत्तरच आले नाही, तर प्रत्येक अर्ज मनात उघडा राहतो. गेटवरून परतताना सोबतीला चार माणसे असत, खोलीत पडद्यासमोर बसलेल्याला ती नसतात.

बेकारीचा मनावर होणारा परिणाम प्रथम ज्या गावात बारकाईने अभ्यासला गेला, ते गावही कापडाचेच होते. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे गाव आहे. १९२९-३०च्या सुमारास तेथील कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील जीवनाचा अभ्यास करून १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. वेळ भरपूर हाती असूनही वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते, वर्गणी माफ केली होती तरीही. रस्त्याने पुरुष हळू चालत, वारंवार थांबत. दिवसभरात काय केले, हे त्यांना नीट सांगता येत नसे. पुढे याहोदा यांनी मांडले, की पगाराखेरीज नोकरी माणसाला आणखी पाच गोष्टी देते : दिवसाची आखणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, चारचौघांसह साधायचे उद्दिष्ट, समाजातील ओळख आणि हातांना नियमित काम. नोकरी गेली, की या पाचही गोष्टी एकदम जातात. उशिरापर्यंत झोपणाऱ्या नातवाला आपण ‘आळशी’ म्हणतो तेव्हा हे लक्षात घ्यायला हवे.

नोकरी मिळवून देणे आपल्या हाती नाही. या पाचांपैकी दोन-तीन गोष्टी मात्र घर देऊ शकते.

पहिली गोष्ट दिवसाच्या आखणीची. सकाळचा चहा आणि रात्रीचे जेवण ठरल्या वेळी आणि एकत्र व्हावे. घरातील एखादे काम त्याच्याकडे पूर्णपणे सोपवावे, पण ‘रिकामाच आहेस’ या शब्दांत नव्हे. ज्या वेळेत तो अर्ज करतो किंवा अभ्यास करतो, ती कामाची वेळ मानावी. त्या तासांत त्याला दळण आणायला पाठवू नये.

दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाची. ‘काय झालं रे?’ हा संध्याकाळचा प्रश्न मायेतूनच येतो, पण त्याचे उत्तर मुलाच्याही हाती नसते. रोज तो विचारला, की तो जेवणाची वेळ चुकवू लागतो. प्रश्न विचारायचाच, तर आज काय शिकलास, काय वाचलेस, असा विचारावा. नातेवाइकांनाही घरातील वडीलधाऱ्यांनी एकदाच सांगून ठेवावे, की काही ठरले तर आम्हीच कळवू.

तिसरी गोष्ट पैशाची. ‘अमुक रक्कम भरा, नोकरीची हमी’ असे सांगणारे लोक अशा घरांच्या शोधात असतात आणि आजी-आजोबांची मुदत ठेव त्यांच्या सहज हाती लागते. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत, कारण कोणतेही सांगोत, प्रामाणिक कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक. मुलगा कुणाशीच बोलेनासा झाला, जेवण व झोप पार बिघडली, ‘मी सगळ्यांवर ओझे आहे’ अशी भाषा येऊ लागली, तर वाट पाहू नये. जीव नकोसा वाटतो का, असे जवळ बसून सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. घरातील काळजीवाहू व्यक्तीही स्वतःसाठी तेथे बोलू शकते.

आता आपल्या स्वतःच्या प्रकृतीविषयी. काळजीच्या काळात रक्तदाब वारंवार मोजण्याचा मोह होतो. वादावादीनंतर लगेच मोजू नये. पाच मिनिटे शांत, पाठ टेकून बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि मोजण्याची वेळ रोज एकच असावी. आकडा वाढलेला दिसला म्हणून स्वतःहून गोळी वाढवू नये आणि खर्च वाचवण्यासाठी बंद तर मुळीच करू नये. नोकरी गेलेल्या घरांत ज्येष्ठ मंडळी सर्वांत आधी स्वतःच्या औषधांत काटकसर करतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

ते आजोबा गेल्या आठवड्यात पुन्हा आले. नातवाला नोकरी अजून लागलेली नाही. रक्तदाब १४२ होता. गोळीत थोडा बदल केला होता, त्याचाही तो परिणाम असेल. सायंकाळी दोघे वऱ्हाळा तलावापर्यंत चालत जातात, असे त्यांनी सांगितले. मी विचारले, ‘‘वाटेत काय बोलता?’’ ते म्हणाले, ‘‘पहिले आठ दिवस काहीच नाही. मग मी त्याला सांगितलं, ब्याऐंशी साली मी किती महिने रिकामा होतो ते. घरात हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.’’