उंची विकता, तर सरळ चालही द्या

गाडीची उंची दोन इंचांनी वाढवायला एक दिवस पुरतो. लांब स्प्रिंगा, नवे शॉकअप, थोडे नटबोल्ट, आणि संध्याकाळी गाडी मालकाच्या ताब्यात. पण उंची वाढल्यावर पुढच्या चाकांचे कोन आणि ती चाकं वळवणाऱ्या दांड्यांची ठेवण बिघडते. ती पुन्हा बसवण्याचं काम बहुतेक वेळा बिलात नसतं. माझं स्पष्ट मत आहे की, ते काम केल्याशिवाय लिफ्ट केलेली गाडी दुकानाबाहेर पडू नये.

मी नाशिकमध्ये वडिलांनी सुरू केलेलं व्हील अलाइनमेंटचं दुकान चालवते. थार आमच्या नाशिकच्या कारखान्यात तयार होते आणि इथल्या पोरांचा तिच्यावर जीव आहे. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा आणि गोव्यात भर पावसात रंगणारी रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धा यांच्या ओढीने गाड्या उचलल्या जातात. पोटाला दगड लागू नये म्हणून गाडी उंच करण्यात मला काहीच गैर वाटत नाही. पण चिखलात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालते. तिथे स्टिअरिंगचा दोष खपून जातो. घरी परतताना तीच गाडी मुंबई-आग्रा महामार्गावर नव्वदने धावते, नाहीतर १२० ची मर्यादा असलेल्या समृद्धीवर, आणि मागच्या सीटवर लेकरं झोपलेली असतात.

तक्रार ठरलेली असते, "ताई, गाडी तरंगतेय."

मध्यंतरी एक जिमनी आली. बाहेरगावी ५० मिलिमीटरची लिफ्ट बसवलेली. जिमनीला पुढेही सलग अ‍ॅक्सल आहे आणि दोन लांब आर्म त्याला चासीशी जोडतात. चासी वर गेली की हे आर्म जास्त झुकतात आणि अ‍ॅक्सलला स्वतःभोवती किंचित फिरवतात. त्यामुळे कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला झुकाव, कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो. हँडल सोडलं तरी सायकल सरळ जाते, त्यात त्या तिरपेपणाचा वाटा असतो. गाडीत तेच काम कॅस्टर करतो. मशीनवर घेतली तेव्हा या जिमनीचा कॅस्टर मूळ मापापेक्षा सुमारे अडीच अंशांनी कमी निघाला. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून परत येत नव्हतं. शेजारून ट्रक गेला की गाडी सरकायची.

स्टिअरिंग व्हील मात्र दिसायला सरळ होतं, आणि मला जास्त राग त्याचाच आला. गाडी उचलली की ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणारी दांडी, तिरपी होते, तिची आडवी पोच कमी होते आणि स्टिअरिंग वाकडं बसतं. ड्रॅग लिंकची लांबी जुळवून ते सरळ करायचं असतं. इथे कोणीतरी स्टिअरिंग व्हील काढून दोन दाते फिरवून परत बसवलं होतं. त्यामुळे गाडी सरळ जात असतानाही आतला स्टिअरिंग बॉक्स मध्यावर नव्हता. ईएसपीच्या सेन्सरला अशा वेळी गाडी वळतेय असं वाटू शकतं. घसरत्या गाडीला सावरणारी यंत्रणाच चुकीच्या माहितीवर चालणार असेल, तर तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

तिसरा दोष पॅनहार्ड रॉडचा. हा आडवा दांडा अ‍ॅक्सलला डाव्या-उजव्या बाजूला सरकू देत नाही. समजा, दांडा ८०० मिलिमीटर लांब आहे आणि त्याच्या दोन टोकांत १०० मिलिमीटर उंचीचा फरक आहे. लिफ्टनंतर तो फरक १५० झाला, तर अ‍ॅक्सल सुमारे ८ मिलिमीटर एका बाजूला ओढला जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ड्रॅग लिंक आणि हा दांडा जवळपास समांतर असावे लागतात. काही जण स्टिअरिंग बॉक्सला खाली उतरता पिटमन आर्म (ड्रॅग लिंक ओढणारा आर्म) लावून फक्त ड्रॅग लिंक सपाट करतात आणि पॅनहार्ड तसाच तिरपा ठेवतात. मग खड्ड्यात चाक वर गेलं की दोन्ही दांडे वेगवेगळ्या कमानीत फिरतात आणि हात स्थिर असूनही चाकं वळतात. एकाला हात लावला, की दुसऱ्यालाही लावायलाच हवा.

या जिमनीत आम्ही कॅस्टर परत आणायला आर्मला ऑफसेट बुश बसवले, लांबी बदलता येणारा पॅनहार्ड लावला, स्टिअरिंग बॉक्स मध्यावर आणून ड्रॅग लिंक जुळवली, शेवटी टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) बसवला आणि सेन्सरचा शून्य पुन्हा नोंदवला. बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन पडल्यावरच आवळले. हवेत लटकवून आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. कॅस्टरही हवा तेवढाच दिला. अ‍ॅक्सल फार फिरवला तर पिनियनचं तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटवर ताण येतो.

प्रत्येक गाडीचं दुखणं वेगळं असतं. जिप्सीला पुढे पाटे आहेत. पाट्यांना चासीशी जोडणारे तिचे पुढचे शॅकल लांब केले की कॅस्टर घटतो, आणि पाटा व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये तिरपी पाचर घालावी लागते. २०२० च्या थारला पुढे सलग अ‍ॅक्सल नाही, दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत. तिथे स्पेसर घालून उंची वाढवली की टाय रॉड तिरपे होतात, टो आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) बदलतात आणि वरचा बॉल जॉइंट हालचालीच्या टोकाला येतो. टायरवर हात फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला कडा बोटांना टोचत असतील, तर टो चुकलाय. कोन कमी-जास्त आणि जॉइंट ढिले असलेल्या सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत, सत्तर-ऐंशीच्या वेगात पुलाच्या जोडावर चाक आदळलं की पुढचा भाग जोरात थडथडू लागतो. त्यावर जाड स्टिअरिंग डॅम्पर लावणं म्हणजे दुखणं झाकणं.

हे तपासतं कोण? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तोवर पीयूसीपलीकडे तिच्याकडे कोणी बघत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. कायद्याची भूमिका मला समजते. पण नुसत्या मनाईने लिफ्ट थांबलेल्या नाहीत, काम फक्त गुपचूप होतं आणि म्हणून कोणीच ते तपासत नाही. ऑस्ट्रेलियात ठरावीक मर्यादेपलीकडे उचललेल्या गाडीला अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे पुण्यात एआरएआयसारखी चाचणी संस्था आहे. मर्यादित उंचीची किट तिथे तपासावीत, भूमिती दुरुस्तीचे भाग किटमध्येच सक्तीचे करावेत, आणि बसवल्यानंतरचा अलाइनमेंट रिपोर्ट नोंदणीशी जोडावा. जे या चाचणीत बसत नाही, ते रस्त्यावर नको.

नियम व्हायला वेळ लागेल. तोपर्यंत गाडीमालकांनी एवढं करावं. परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला आधी विचारा. गाडी उचलण्यापूर्वी अलाइनमेंटचा रिपोर्ट काढा, उचलल्यावर दुसरा मागा, आणि कॅस्टर, कॅम्बर, टो हे तिन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा. टो छापून कॅस्टरची जागा कोरी सोडली असेल, तर पैसे देऊ नका. आणि माझ्या धंद्यातल्या भावांनो, दुरुस्तीचा खर्च पहिल्याच कोटेशनमध्ये लिहा. गिऱ्हाईक म्हणालं, "ते राहू द्या, नंतर बघू," तर लिफ्टही राहू द्या. गिऱ्हाईक जाईल, पण त्याच्यासोबत महामार्गावर चालणाऱ्या बाकीच्या माणसांचा जीव त्या एका कामाच्या कमाईपेक्षा मोठा आहे.