कारागृहात सुखसोयी असाव्यात काय?

पनवेल तालुक्यात तळोजे येथे मध्यवर्ती कारागृह आहे. त्याच्या उंच भिंती पाहून कोणी विचारतो, "गुन्हेगारांना सुखसोयी कशाला?" ज्याचे घर लुटले गेले, त्याच्या तोंडी हा प्रश्न स्वाभाविक आहे.

परंतु न्यायालय कैद्याचे स्वातंत्र्य हिरावून घेते. तीच त्याची शिक्षा होय. पोटभर अन्न, स्वच्छ पाणी व वेळेवर औषध ही चैन नव्हे. ती नाकारणे म्हणजे न्यायाधीशाने न दिलेली शिक्षा देणे होय. शिवाय कारागृहातील कित्येकांचा गुन्हा अद्याप सिद्धही झालेला नसतो.

माणुसकीने वागविल्यास कैदी शेफारतील, अशी भीती काहींना वाटते. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. तेथे उंच तट नव्हता. कैदी आपल्या कुटुंबासह राहत, शेती करीत व स्वकष्टाची भाकरी खात. विश्वास हाच त्यांचा पहारेकरी होता. ही वसाहत आजही चालू आहे.

मुलांनो, शिक्षा भोगून कैदी अखेर आपल्यातच परत येतो. तो मनात सूड घेऊन न येता हाती कसब घेऊन यावा, यातच सर्वांचे हित आहे. म्हणून कारागृहात ऐषआराम नको; पण माणुसकी मात्र हवीच.