आसूदच्या पायऱ्या

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही उभयता दापोलीस गेलो होतो. धंतोलीतल्या घरापासून समुद्र जितका दूर, तितकी त्याच्याविषयीची आमची ओढ भाबडी. त्यात श्री. ना. पेंडसे आम्ही दोघांनीही वर्षानुवर्षे वर्गात शिकवलेले. म्हणजे कोकण आम्हांस न पाहताच पाठ होते. गाडीवाल्याने आश्वासन दिले, "सर, एका दिवसात सगळं होतं." त्याच्या 'सगळ्या'त कर्दे आणि मुरूडचे किनारे, हर्णैचे बंदर, पाण्यात उभा सुवर्णदुर्ग आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती होता, आसूद नव्हते. ते वाटेवरच आहे असे म्हटल्यावर उत्तर आले, "तिथं काय, पायऱ्याच आहेत."

पायऱ्याच होत्या. पोफळींच्या आगरांतून खाली उतरायचे, पऱ्ह्या ओलांडायचा आणि केशवराजाच्या देवळापर्यंत पुन्हा चढायचे. पेंडशांचे जन्मगाव मुर्डी इथून जवळच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या तालुक्यातल्या माडा-पोफळींची जी दैना केली, तिच्या खुणा शोधत आम्ही थांबलो असता सुपारी वाळत घालणाऱ्या एका वृद्धाने विचारपूस केली. बागेचे कौतुक केले, तर म्हणाला, "आमची नव्हे हो ती. बापूस शिंपणं करायचा तिथं."

या एका वाक्याने आमच्या टाचणांची अब्रू गेली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. 'गारंबीचा बापू' शिकवताना 'प्रादेशिक कादंबरी' या शिक्क्याखाली आम्ही प्रदेश म्हणजे काय शिकवत होतो? पाऊस, लाल माती, हिरवाई, बोलीचा ठसका. म्हणजे सहलीला आलेल्या माणसाला मोटारीच्या काचेतून दिसते तेवढेच. शिंपणे कोणी करायचे आणि सुपारी कोणाच्या घरी जायची, हा प्रश्न आमच्या प्रश्नपत्रिकेत कधी आलाच नाही. कादंबरी १९५२ ची. खोती रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९४९ चा, आणि त्याआधी १९३७ मध्ये त्यासाठी विधेयक मांडणारे डॉ. आंबेडकर बालपणी याच दापोलीत राहिलेले. ज्यांच्या घरापासून दीक्षाभूमी लांब नाही, त्या आम्हां मास्तरांना हा धागा दिसायला सुपारी वाळवणारा माणूस भेटावा लागला, हे सांगताना संकोच वाटतो. पेंडशांनी खोत रंगवला तो गावावरच्या सत्तेसह; त्याला केवळ 'व्यक्तिरेखा' करून टाकले ते आम्ही. समीक्षेतले निसर्गप्रेम अनेकदा असे सोयीचे असते.

उरलेला दिवस गाडीवाल्याच्या यादीप्रमाणे पार पडला. मुरूडला सूर्यास्त छान झाला. घोडागाडी, शहाळी, छायाचित्रे सारे यथासांग झाले. (समुद्राला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच इरादा नाही.) कड्यावरून खाली पाहताना मात्र किनाऱ्यावरच्या नव्या विश्रामगृहांच्या मधून दिसणारी आगरे कोणाची असतील, हा प्रश्न डोक्यातून गेला नाही.

परतल्यावर आम्ही अंतर्गत परीक्षेचा जुना प्रश्न काढला. 'कोकणच्या निसर्गचित्रणाच्या संदर्भात चर्चा करा' यातला 'निसर्गचित्रण' हा शब्द खोडला आहे. त्या जागी काय लिहावे, यावर उभयतांत अद्याप एकमत नाही. एकाला 'जमीन' पुरेसा वाटतो. दुसऱ्याचा आग्रह 'वहिवाट' या शब्दासाठी आहे.